मिंगसच्या संगीताची ट्रिब्यूट गिग मुंबईत करायचीय? मग तयारी अशी करा

बासिस्टला ट्रिब्यूट म्हटलं की पहिली कल्पना डोक्यात येते ती अशी, की बासवाल्याला स्टेजच्या मधोमध उभा करायचा, वर स्पॉट मारायचा आणि प्रत्येक ट्यूनमध्ये त्याला चार मिनिटांचा सोलो द्यायचा. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हे चालेलही, अमेरिकन जॅझ बासवाला आणि संगीतकार चार्ल्स मिंगस याच्या बाबतीत नको. त्याच्या रेकॉर्ड्स नीट ऐका, बास सगळ्यांच्या पुढे येऊन क्वचितच बोलतो, पण टेम्पो कधी पळवायचा, कधी एकदम अर्ध्यावर आणायचा, कोणाला ओरडून पेटवायचं हे सगळं तिथनंच ठरत असतं. म्हणून माझं मत सरळ आहे, गिग बासच्या नावाने करा पण मेहनत बँडवर घाला, आणि पैसे कमी असतील तर लाइट, बॅनर, फोटोग्राफर सगळं कापा, तालमी कापू नका.

खाली जे लिहितोय ते मिंगस धरून लिहितोय, पण तुमचा आवडता बासवाला जाको पास्टोरियस असो, चार्ली हेडन असो, बरंचसं तसंच लागू पडेल.

आधी ट्यून्स, मग माणसं

लोक उलटं करतात, आधी ओळखीतले चार जण गोळा करतात आणि मग ते जे वाजवू शकतात ते वाजवतात. तसं केलंत तर मिंगसच्या नावाखाली नेहमीचाच सेट होतो. आधी यादी करा. एका सेटमध्ये 75-80 मिनिटं, म्हणजे सोलो धरून सात, फार तर आठ ट्यून्स. त्याहून जास्त नको, कारण हे तुकडे लांबतात आणि लांबायलाच पाहिजेत.

सुरुवातीला ‘हेशियन फाइट साँग’ घ्या. एकटा बास सुरू करतो, मग रिफ, म्हणजे परत परत येणारा छोटा तुकडा, येतो, त्यावर एकेक जण चढत जातो. कार्यक्रम कोणाच्या नावाचा आहे हे पहिल्याच मिनिटाला कळतं, निवेदकाला सांगावं लागत नाही. मग ‘नॉस्टॅल्जिया इन टाइम्स स्क्वेअर’, बारा बारचा (बार म्हणजे तालाचा एक खण) ब्लूज, बँड सैल होतो. ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ टाळूच शकत नाही, 1959 साली टेनर सॅक्सवाला लेस्टर यंग गेला त्याच्यासाठी लिहिलेली चीज आहे ती, तो तसली चपटी हॅट घालायचा. हीसुद्धा बाराच बारची, पण कॉर्ड्स अशा वळतात की साधा ब्लूज समजून वाजवायला गेलेला माणूस तिसऱ्या बारमध्ये हरवतो. त्यामुळे ही ट्यून हळू वाजवणाऱ्याला द्या, वेगवान बोटांच्या माणसाला नको. शेवटाला ‘बेटर गिट इट इन युअर सोल’, सहा-आठच्या तालात, चर्चमधल्या टाळ्या आणि हाका असलेलं. आपल्या लोकांना टाळी कुठे द्यायची हे भजनामुळे आपोआप समजतं, तिथे काळजी नको.

एक सावधगिरी. ‘मोनिन’ नावाच्या दोन वेगवेगळ्या ट्यून्स आहेत, एक आर्ट ब्लेकीच्या बँडमुळे गाजलेली बॉबी टिमन्सची आणि दुसरी मिंगसची, जी बारिटोन सॅक्सने सुरू होते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसतं नाव टाकलंत तर निम्मे लोक टिमन्सचा चार्ट, म्हणजे लिहिलेले सूर, पाठ करून येतील. नाव टाकू नका, रेकॉर्डिंगची लिंक टाका.

आणि ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’ करायचा मोह आवरा. 1963 ची ती रेकॉर्ड अकरा जणांची आहे, वर स्टुडिओत जोडकाम केलेलं. सहा माणसांत ती करायला गेलात तर सांगाडा उरतो.

माणसं

कमीत कमी सहा: बास, ड्रम्स, पियानो आणि तीन हॉर्न्स, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्यं. हॉर्न्समध्ये अल्टो सॅक्स, टेनर सॅक्स आणि ट्रॉम्बोन असेल तर मिंगसचा तो थोडा खरबरीत, एकमेकांवर घासणारा आवाज मिळतो. ट्रॉम्बोनऐवजी ट्रम्पेट घेतला की सगळं एकदम चकचकीत होतं, चालेल, पण ते नाही.

मुंबईत हॉर्नवाले शोधायचे तर फक्त जॅझ क्लबमध्ये बघू नका. या शहरात जॅझ आलं ते 1930 च्या दशकात ताजच्या बॉलरूममधून, लिऑन अॅबी, टेडी वेदरफर्ड यांच्यासारख्या अमेरिकन वादकांच्या बँडबरोबर, आणि पुढे ते टिकवलं गोव्याच्या वादकांनी, जे रात्री हॉटेलात वाजवायचे आणि दिवसा फिल्म स्टुडिओत. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं माहीत असतील. ती साखळी अजून पूर्ण तुटलेली नाही. चर्चचे बँड, नौदलातून रिटायर झालेले वादक, वांद्रे-माहीमकडची म्युझिक शिकवणारी मंडळी, इथे विचारा. एखादे साठीचे अंकल असे सापडतील की ज्यांना चार्ट दिला की एकदा बघून वाजवतात, फक्त त्यांना रात्री उशिराच्या तालमीला बोलवू नका आणि पैशांचं पहिल्याच फोनवर स्पष्ट बोला. ‘एक्सपोजर मिळेल’ हे वाक्य तर तोंडातून काढूच नका.

ड्रमर मात्र सगळ्यात विचार करून. डॅनी रिचमंड मिंगसबरोबर वीसेक वर्षं वाजवत होता आणि ते दोघं न बोलता टेम्पो बदलायचे. तुमच्या बासवाल्याला विचारा, कोणाबरोबर तुला झोपेतही वाजवता येईल, आणि तोच ड्रमर घ्या, भले दुसरा कोणी जास्त नावाजलेला असेल.

तारीख

मिंगसचा जन्म 22 एप्रिल 1922 चा आणि मृत्यू 5 जानेवारी 1979 चा. दोन्ही तारखा पोस्टरवर छान दिसतात पण दोन्हीत लोचा आहे. 22 एप्रिल म्हणजे ऐन आयपीएल, वर घामाच्या धारा. 5 जानेवारीला हवा मस्त, पण त्याआधीचे तीन आठवडे चांगला वादक मुंबईत सापडत नाही, लग्नं, कॉर्पोरेट शो, गोवा, मग तालीम कोण करणार. माझं ऐकाल तर तारखेचा हट्ट सोडा, जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा किंवा फेब्रुवारी घ्या. पावसाळ्यात अजिबात नको, लोकल बंद पडली की प्रेक्षकही गेले आणि ट्रॉम्बोनवालाही गेला.

वार शनिवार. रविवार ठेवला तर मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघितल्याशिवाय वेळ छापू नका. 7 ला सुरू करून सव्वानऊपर्यंत संपवा, डोंबिवली आणि विरारचा माणूस शेवटच्या ट्यूनला घड्याळ बघत बसला तर तुमचा क्लायमॅक्स वाया.

जागा

दोन प्रकार: बार किंवा बसून ऐकायची जागा. बारचं गणित सोपं, हॉलचं भाडं नाही, साउंड तिथलाच, पण लोक बोलतात. मिंगस स्वतः क्लबमध्ये बोलणाऱ्यांवर आणि ग्लास वाजवणाऱ्यांवर भडकायचा हे प्रसिद्धच आहे, 1960 च्या एका रेकॉर्डवर तर स्टुडिओत प्रेक्षक नसतानाच त्याने क्लबसारखी सूचना दिलीय की ग्लासात बर्फ खुळखुळवू नका. त्याच्या ट्रिब्यूटला बेसिनपाशी ब्लेंडर चालू असावा हे काही बरं नाही.

म्हणून मी छोट्या ऑडिटोरियमच्या बाजूने आहे. महालक्ष्मीचं जी5ए, एनसीपीएतली छोटी थिएटर्स, प्रभादेवीला रवींद्रच्या आवारातलं मिनी थिएटर, दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, अशा जागांना आधी फोन करा. दीनानाथ किंवा शिवाजी मंदिर नको, भरणार नाही, आणि अर्ध्या रिकाम्या मोठ्या हॉलपेक्षा शंभर खुर्च्यांचा गच्च भरलेला हॉल कधीही चांगला.

जागा बघायला जाल तेव्हा या गोष्टी बघा: पियानो खरा आहे का, असेल तर शेवटचा ट्यून कधी केलाय, स्टेजपर्यंत जिना किती अरुंद आहे, लिफ्टमध्ये सहा फुटांची पेटी उभी मावते का, साउंडचेकसाठी हॉल किती वाजल्यापासून मिळतो. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी दुपारी दुसरा प्रयोग असतो आणि तुम्हाला हातात फक्त एक तास मिळतो.

ओपन-एअरचा विचार असेल तर आवाजाचे नियम आधी वाचा. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टापासून 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. धोबी तलावचं रंगभवन, जिथे 1978 साली जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला आणि सनी रॉलिन्ससारखा सॅक्सवाला येऊन वाजवून गेला, ते मैफलींना बंद झालं ते याच शांतता क्षेत्रामुळे. एका बाजूला कॉलेज, जवळच हॉस्पिटल. जीव जळतो, पण नियम नियम आहे.

परवानग्या

कंटाळवाणं आहे, पटकन सांगतो. आपल्याकडे कॉपीराइट संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे मिंगसच्या रचना 2039 च्या अखेरपर्यंत कॉपीराइटमध्ये आहेत. तिकीट लावून वाजवणार तर आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकार-गीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचं, लायसन्स लागतं. जागेकडे वर्षाचं लायसन्स असेल तर त्यात तिकीट लावलेला बाहेरचा कार्यक्रम बसतो का हे मॅनेजरला मेलवर विचारा, तोंडी नाही. पोलिसांची परवानगी कोणी काढायची तेही त्याच मेलमध्ये. पीपीएलचं लायसन्स रेकॉर्ड केलेल्या गाण्यांसाठी असतं, त्यामुळे मध्यंतरात स्पीकरवर मिंगसच्या रेकॉर्ड्स लावणार असाल तर तो वेगळा विषय झाला. न लावणं सोपं.

पोस्टरसाठी गूगलवरचा फोटो उचलू नका, तोही कोणाचातरी असतो. एखाद्या जेजेच्या पोराला रेषाचित्र काढायला सांगा, त्याला मानधन द्या, आणि ते दिसतंही जास्त चांगलं.

तालीम

आता मुख्य काम. मिंगस 1950 च्या दशकाच्या मध्यापासून आपल्या वादकांना बऱ्याचदा लिहिलेला कागद द्यायचाच नाही, पियानोवर वाजवून, गाऊन त्यांचे पार्ट त्यांच्या कानात घालायचा. कारण कागद दिला की माणूस कागद वाजवतो. आपल्याकडे ज्याने गुरूसमोर बसून काही शिकलंय त्याला यात नवल वाटणार नाही, पण नेमके जॅझवाले चार्टशिवाय अस्वस्थ होतात.

मी सुचवेन ते असं. चार्ट मिळवा, मिंगसच्या रचनांचं अधिकृत पुस्तक 1991 साली निघालंय, त्यातला लीड शीट (धून आणि कॉर्ड्स लिहिलेला कागद) संदर्भाला ठेवा, पण पहिल्या तालमीला स्टँड आणूच नका. पहिल्या तालमीत फक्त दोन ट्यून्स. बासवाला लाइन गाऊन दाखवणार, हॉर्नवाले गाणार, हो, तोंडाने, मग वाद्यावर. पहिला अर्धा तास सगळे लाजतात, नंतर मजा येते. ज्या ट्यून्स अशा बसल्या त्या स्टेजवर वेगळ्याच वाजतात, कारण सगळ्यांची मान वर असते आणि एकमेकांकडे बघता येतं. बाकीच्या ट्यून्स चार्टवर घ्या, सगळंच कानाने करायला महिने लागतील आणि जॅमरूमचं तासाचं मीटर चालूच असतं.

तालमी किती? सहा जणांच्या बँडला, नोकऱ्या सांभाळून, दीड महिन्यात पाच पुरतात, प्रत्येकी तीन तासांच्या. पहिल्या तीन तुकड्यातुकड्यांत, चौथीत पूर्ण सेट न थांबता, पाचवी निवेदनासकट. चौथ्या तालमीनंतर यादीत नवीन काहीही घालायचं नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. याचा सगळ्यात मोठा धडा मिंगसच्याच आयुष्यात आहे. 12 ऑक्टोबर 1962, न्यूयॉर्कचा टाउन हॉल, भला मोठा बँड, तालीम अपुरी, आणि कार्यक्रम सुरू झाला तरी स्टेजवर टेबल मांडून लोक चार्ट उतरवून काढतायत. त्या चार्टांच्या घाईगडबडीत त्याने आपल्याच ट्रॉम्बोनवाल्याला, जिमी नेपरला, ठोसा मारून दात तोडला होता. तो मिंगस होता म्हणून इतिहासात गेला, तुमचा नुसता ग्रुप फुटेल.

तालमीत एक गोष्ट मुद्दाम बसवा: सामूहिक इम्प्रोवायझेशन, म्हणजे तीनही हॉर्न एकाच वेळी. नुसतं ‘करा मोकळेपणाने’ म्हटलं की मासळीबाजार होतो. त्यापेक्षा ठरवा की एक जण मूळ धून धरून राहणार, दुसरा फक्त तिच्या मोकळ्या जागांत बोलणार, तिसरा लांब सूर लावणार, आणि बासवाल्याने मान हलवली की सगळे रिफवर परत. ती मान कशी हलवायची तेही ठरवा, चश्मा नीट केल्यासारखी हलली तर घोटाळा होतो.

डबल बास नावाचं प्रकरण

मिंगस करायचा तर उभा बासच पाहिजे, बास गिटार नको. यावर वाद होऊ शकतो, माझ्यापुरता नाही. तारेला बोटाने ओढल्यावर लाकडातून येणारा जो धक्का आहे तो या संगीताचा पाया आहे.

वाद्य साधारण सहा फूट उंच आणि नाजूक. लगेजच्या डब्यातून नेऊ असं कोणीतरी म्हणेलच, दुपारी 2 ला कदाचित, संध्याकाळी 6 ला नाही. एर्टिगासारखी गाडी घ्या, मागच्या सीट पाडा, वाद्य कुशीवर ठेवा, घोडीच्या बाजूवर पालथं कधीच नाही. आणि कोणी हुशारी करून सगळ्या तारा एकदम सैल करायला लागला तर त्याचा हात धरा. आतमध्ये साउंडपोस्ट म्हणून लाकडाची छोटी दांडी असते, ती डिंकाने चिकटवलेली नसते, फक्त दाबावर उभी असते. ताण गेला की ती पडते, आणि मग संध्याकाळी 5 वाजता ती आत उभी करणारा माणूस शोधत फिरा.

मुंबईच्या दमट हवेतून एकदम एसी हॉलमध्ये आणलं की सूर हलतो. म्हणून बास हॉलमध्ये सगळ्यात आधी पोचला पाहिजे, शोच्या निदान तीन तास आधी, आणि एसीच्या झोताखाली नको.

साउंड

आपले साउंडवाले हुशार असतात पण त्यांचा हात ऑर्केस्ट्रा आणि रॉक बँडवर बसलेला. बास दिसला की लो वाढवतात. त्यांना आधीच दोन रेकॉर्डिंग पाठवा, आणि हे सांगा: पिकअपला (वाद्यावर बसवून त्याची थरथर पकडणाऱ्या उपकरणाला) हाय इम्पीडन्सचा प्रीअॅम्प लागेल, निदान 1 मेगाओहमचा, नुसत्या साध्या डीआयवर (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर) आवाज पत्र्यासारखा येतो. बासची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते, तेव्हा त्याच्या खालचं सगळं कापा, तिथे फक्त गडगड आणि फीडबॅक. पिकअपबरोबर एक माइक लावला तर गोडवा येतो, पण छोट्या हॉलमध्ये माइक कमी, पिकअप जास्त. घुमायला लागलं तर आवाज कमी करण्याआधी फेजचं बटण उलटं करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं. गेट, म्हणजे हळू आवाज कापणारं यंत्र, नको. कॉम्प्रेसर, जो लहान-मोठा आवाज सारखा करतो, तो अगदी थोडा, कारण मिंगसच्या संगीतात बास कुजबुजतो आणि ओरडतो, दोन्ही ऐकू आलं पाहिजे.

स्टेजवर बास आणि ड्रम्स हाताच्या अंतरावर. हॉर्न्सना शंभर खुर्च्यांच्या हॉलमध्ये माइकची गरजच नसते बहुतेक, एक ठेवा सोलोपुरता. ड्रमरला हॉलप्रमाणे वाजवायला सांगा, त्याच्याभोवती काचेचा पिंजरा उभारू नका.

निवेदन

आपला प्रेक्षक नाट्यगृहातल्या गाण्यांच्या कार्यक्रमांवर वाढलाय, त्याला निवेदन आवडतं, त्याचा फायदा घ्या. पण दोन मिनिटांच्या वर एकदाही नाही, आणि ‘आज ते आपल्यात नाहीत’ छापाचं गहिवरणं नको.

मजकूर भरपूर आहे. ‘फेबल्स ऑफ फॉबस’ घेणार असाल तर सांगा की 1957 साली अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्याचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना जाऊ देऊ नये म्हणून नॅशनल गार्ड उभे केले, आणि मिंगसने त्याची टिंगल करणारी ट्यून लिहिली, जी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने 1959 साली शब्दांशिवायच काढली, शब्दांसकट ती पुढच्या वर्षी दुसऱ्या छोट्या कंपनीकडून आली. चवदार तळं ज्या राज्यात आहे तिथल्या माणसाला दाराशी अडवणं म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही, तेव्हा तुम्ही फक्त घटना सांगा आणि बाजूला व्हा.

मिंगस मेक्सिकोत गेला, 56 व्या वर्षी, एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने, शेवटी हात चालत नव्हते तेव्हा टेपरेकॉर्डरवर गाऊन रचना करायचा. त्याच्या इच्छेप्रमाणे बायकोने, सू मिंगसने, त्याची रक्षा इथे भारतात येऊन गंगेत सोडली. हे सांगाच, पण त्याला लगेच ऋषी-मुनी करू नका. भांडकुदळ माणूस होता तो, तसाच राहू द्या.

पैसे

समजा 120 खुर्च्या, तिकीट 499. का 499? कारण संगीताच्या कार्यक्रमाला माणशी 500 पर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, वर गेलात की सीएला फोन. आता 80 तिकिटं खपली धरा, 39,920 रुपये. सहा वादकांना प्रत्येकी 5,000 दिले तर 30,000 गेले. उरलेल्या 9,920 मध्ये हॉल, साउंड, जॅमरूम, गाडी, लायसन्स आणि तिकीट साइटचं कमिशन. बसत नाही, आणि हॉल पूर्ण भरला, 59,880 आले, तरी जेमतेम. तेव्हा हे आधीच मान्य करा आणि फरक कुठून येणार ते ठरवूनच हॉल बुक करा: एखादा स्पॉन्सर, म्युझिक शिकवणारी संस्था जी तालमीला खोली फुकट देईल, किंवा दहा मित्र जे प्रत्येकी दोन हजार टाकतील आणि परत मागणार नाहीत. वादकांच्या पैशातून फरक भरून काढायचा नाही.

फुकट पास पंधराच्या वर नकोत. फुकट पासवाला पाऊस आला की येत नाही, ट्रॅफिक असला की येत नाही, नुसता कंटाळा आला तरी येत नाही. मध्यंतर ठेवलंत तर लक्षात घ्या की बटाटेवडा आला, आणि वडा आला की 15 मिनिटांची 30 होतात. मी असतो तर सलग वाजवतो.

त्या दिवशी

2 वाजता बास आणि ड्रम्स, 3 ला बाकीचे, 4 ते 6 साउंडचेक. साउंडचेकमध्ये पूर्ण सेट वाजवू नका, हॉर्नवाल्यांचे ओठ संपतात. प्रत्येक ट्यूनची सुरुवात, शेवट आणि सगळ्यात मोठा आवाज होणारी जागा, बस. 6 ते 7 खाणं आणि इस्त्री. सेटलिस्ट मोठ्या अक्षरात छापून प्रत्येकाच्या पायाशी चिकटवा, मोबाइलवर बघणारा वादक प्रेक्षकांना रील बघत असल्यासारखा दिसतो.

रेकॉर्डिंग करा, निदान मिक्सरवरून दोन ट्रॅक आणि हॉलमध्ये एक झूम रेकॉर्डर. पण वाजवायचं लायसन्स म्हणजे व्हिडिओ अपलोड करायचं लायसन्स नव्हे, त्यामुळे पूर्ण ट्यून्स यूट्यूबवर टाकायच्या आधी हक्कांचं विचारून घ्या. बँडमध्ये आपापसात फाइल वाटा, पुढच्या वेळी उपयोगी पडते. वादकांचे पैसे त्याच रात्री यूपीआयने द्या, हॉलच्या बाहेर पडायच्या आधी, आणि बास घेऊन जाणाऱ्या गाडीवाल्याला थांबण्याचे वेगळे द्यायचे ठरले असतील तर तेही.